हाडाशीं जुळलेला दांत

दांत घट्ट असणें हें आपण आरोग्याचें लक्षण मानतों. सत्तरी ओलांडलेले आजोबा "अजून माझा एकहि दांत हलत नाहीं" असें सांगतात, तेव्हां ऐकणाऱ्यास त्यांचा हेवा वाटतो. आयुर्वेदाच्या ग्रंथांतहि दांत हलूं लागणें हा रोग म्हणूनच सांगितलेला आहे. अशा स्थितींत दांत वाजवीपेक्षां अधिक घट्ट होणें हाहि एक विकार आहे, आणि त्याचें खरें नुकसान लहान मुलांना सोसावें लागतें, असें कोणीं म्हटलें तर तें प्रथम विनोदासारखें वाटेल. परंतु वस्तुस्थिति तशी आहे खरी. कांहीं मुलांच्या तोंडांत एखादा दांत किंवा दाढ जबड्याच्या हाडाशीं एकजीव होऊन जाते. दंतवैद्यकांत या विकाराला अँकिलॉसिस असें नांव आहे. आपण त्याला हाडाशीं जुळलेला दांत म्हणूं. हा दांत ठणकत नाहीं, त्याची हिरडी सुजत नाहीं, तो मुलाला रात्रीं जागवीत नाहीं. आणि म्हणूनच घरांतील वडील माणसांच्या नजरेंतून तो वर्षानुवर्षें निसटत राहतो.

हा विकार समजावयाचा तर निरोगी दांत कसा बसलेला असतो हें आधीं पाहिलें पाहिजे. भिंतींत खिळा ठोकावा तसा तो हाडांत ठोकलेला नसतो. दांताचें मूळ आणि भोंवतालचें हाड यांच्या मध्यें तंतूंचें एक अतिशय पातळ अस्तर असतें. त्याची जाडी सरासरीनें ०.२ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या दोन कागदांइतकी. हे सूक्ष्म तंतु एका टोकानें मुळांत व दुसऱ्या टोकानें हाडांत रुतलेले असतात, आणि दांत त्यांच्यावर तोललेला राहतो. घांस चावतांना पडणारा भार हें अस्तर झेलतें. भातांत खडा आला तर तें क्षणांत कळतें, तेंहि यांतील मज्जातंतूंमुळेंच. त्याहून महत्त्वाचें काम निराळें आहे. या अस्तराच्या आश्रयानें एका बाजूचें हाड झिजतें व दुसऱ्या बाजूस नवें हाड भरतें, त्यामुळें दांत हाडांतून हळूहळू सरकूं शकतो. मूल वाढतें, जबडा वाढतो आणि त्याबरोबर दांतहि आपल्या हाडासकट वर येत राहतो, तो याच व्यवस्थेच्या बळावर. वेडेवांकडे दांत तारांनीं सरळ करण्याची विद्याहि सर्वस्वीं हिच्यावरच उभी आहे. तारेचा सौम्य दाब पडला कीं दाबाकडील हाड विरतें, ओढीकडील हाड भरतें, आणि दांत महिन्यास सुमारें एक मिलिमीटर या बेतानें जागा बदलतो.

आतां कांहीं कारणानें हें अस्तर एखाद्या ठिकाणीं मेलें, तर तेथें हाड आणि मूळ यांची प्रत्यक्ष गांठ पडते. हाडांची झीज आणि भर ही आपल्या शरीरांत आयुष्यभर चालूच असते. दांताच्या मुळाला मात्र हें अस्तर त्या उलाढालीपासून दूर ठेवीत असतें. तें नाहींसें झालें कीं शरीर मुळालाहि जुन्या हाडाप्रमाणें वागवूं लागतें. त्याचा थोडथोडा भाग कुरतडतें व त्या जागीं हाड भरतें. लहान वयांत ही क्रिया जलद चालून थोड्या वर्षांत मूळ नाहींसें होतें आणि दांताचा माथा गळून पडतो. प्रौढांत तीच दहावीस वर्षें रेंगाळते. परंतु वाढत्या मुलाचें मोठें नुकसान त्यापूर्वींच होऊन गेलेलें असतें. दांत जागच्या जागीं थांबतो आणि मूल वाढत राहतें. शेजारचे दांत हाडासह पुढें जातात, हा एकटा मागें राहतो, आणि पाहणाऱ्यास तो हिरडींत खचल्यासारखा दिसतो. वास्तविक तो तसूभरहि खचलेला नसतो. भोंवतालची जमीन उंचावलेली असते. शिवाय दांत वाढला नाहीं म्हणजे त्याच्या भोंवतालचें हाडहि वाढत नाहीं. पुढें कितीहि खर्च केला तरी भरून काढण्यास कठीण जातो तो हा हाडाचा खड्डा.

हा विकार सर्वांत अधिक आढळतो तो दुधाच्या दाढांत, आणि त्यांतहि खालच्या जबड्यांत. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत त्याचें प्रमाण शेंकडा एक ते नऊ मुलांपर्यंत आढळलेलें आहे. अशा मुलाला बहुधा मार लागलेला नसतो, दाढ किडलेलीहि नसते. विकाराचा ओढा कुलपरंपरेनें चालत येण्याकडे असतो. एका मुलांत तो दिसला तर त्याच्या भावंडांत दिसण्याचा संभव पुष्कळच वाढतो. म्हणून ज्या घरांत एका मुलाची अशी दाढ सांपडली, तेथें बाकीच्या भावंडांचींहि तोंडें पाहून घ्यावीं. यासाठीं विशेष ज्ञान लागत नाहीं. सहा ते दहा वर्षांच्या मुलाला सकाळच्या उजेडांत बसवून तोंड उघडावयास सांगावें. खालच्या रांगेंत एखादी दाढ शेजारणींपेक्षां पायरीभर खालीं दिसली, आणि दांतांवर दांत मिटले असतांहि ती वरच्या दाढेला टेकत नसली, तर तें मूल दंतवैद्याला दाखवावें.

अशी दाढ दिसतांच ती उपटून टाकावी असें मात्र नाहीं. क्ष-किरणांच्या छायाचित्रांत तिच्याखालीं कायमचा दांत तयार होत असलेला दिसला, तर बहुतेक दाढा आपण होऊन पडतात. नेहमींपेक्षां सहा महिने ते वर्षभर उशीर होतो इतकेंच. स्वीडनमधील संशोधकांनीं १९८० नंतरच्या दशकांत मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन ही गोष्ट दाखवून दिली. तोंवर ठराविक मुदतीनें पाहणी करीत राहणें एवढाच उपचार. पण दाढ फार मागें पडली, शेजारच्या दाढा तिच्यावर कलूं लागल्या, किंवा ती हिरडीखालीं बुडूं लागली, तर ती काढून तेथें जागा राखणारी तार बसवावी लागते. तसें न केल्यास शेजारी ती जागा गिळतात आणि खालून येणाऱ्या दांताला वाट उरत नाहीं. कित्येक मुलांत खालीं कायमचा दांत मुळांत नसतोच. खालच्या दुसऱ्या उपदाढेच्या बाबतींत हें विशेषेंकरून घडतें. तेथें मुलाचें वय हेंच निर्णायक ठरतें. वय लहान असून दाढ झपाट्यानें मागें पडत असेल तर ती वेळींच काढणें हिताचें. वाढ संपत आली असून दाढ थोडीशीच खालीं असेल तर वरून भर घालून तिची उंची साधतात, आणि ती पुढें कित्येक वर्षें काम देते.

दुसरा प्रकार अपघाताचा, आणि तो पुढच्या कायमच्या दांतांवर ओढवतो. सात ते बारा वर्षांचें वय म्हणजे धांवण्याचें, झाडावर चढण्याचें, सायकल शिकण्याचें. नाशिक जिल्ह्यांतील चांदवडसारखें गांव घ्या. डोंगराच्या कुशींत वसलेली वस्ती, रेणुकामातेच्या मंदिराची आणि वर चंद्रेश्वराची चढण, अहिल्याबाई होळकरांच्या रंगमहालाचें दगडी बांधकाम, आणि गांवाजवळून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग. मुलांना पडावयास तेथें जागांची वाण नाहीं. त्यांतून वरचे दांत पुढें आलेले असले तर धोका आणखीच वाढतो. अशा आघातानें दांत हाडांत आंत घुसला तर अस्तर चिरडतें. मुळासकट बाहेर पडला तर तें हवेंत सुकतें. तो दांत परत बसविला, वर्षभर चांगला दिसला, घरच्यांनीं सुटकेचा निःश्वास टाकला, तरी अस्तर मेलेलें असल्यास हाड त्याला आंतून आपलासा करून टाकीत असतें. दोन-तीन वर्षांनीं हसतांना तो दांत शेजाऱ्यापेक्षां आंखूड दिसूं लागतो, तेव्हां जुन्या पडण्याची कोणास आठवणहि नसते.

या टप्प्यावर पुष्कळ घरांत एक चूक होते. दांत वर गेला आहे, तेव्हां तारा लावून तो खालीं ओढावा, असें आईबापांना साहजिकच वाटतें. पण जुळलेल्या दांताला सरकण्याचें साधनच उरलेलें नसतें. त्याला तार बांधून ओढला तर तो जागा सोडीत नाहीं. उलट ज्या निरोगी दांतांचा आधार घेऊन ओढावयाचें, तेच त्याच्याकडे ओढले जातात. नदींतल्या होडींतून कांठावरच्या झाडाला दोर बांधून ओढूं लागलें तर होडीच कांठाकडे जाते, तसाच हा प्रकार. टाळूंत अडकलेला सुळा साखळीनें जागेवर आणीत असतां महिनोन्महिने तो हलत नाहीं आणि शेजारचे दांत मात्र बिघडतात, अशा वेळीं तज्ज्ञांना पहिला संशय याच विकाराचा येतो. म्हणून तारा लावण्यापूर्वीं परीक्षा झाली पाहिजे. परीक्षेच्या रीति साध्या आहेत. लहानशा धातूच्या दांड्यानें दांतावर टिचकी मारली तर निरोगी दांताचा आवाज मऊ येतो, जुळलेल्याचा उंच व टणक येतो. दांत बोटानें किंचितहि हलत नाहीं. क्ष-किरणांच्या छायाचित्रांत मुळाभोंवतालची काळी रेघ कांहीं ठिकाणीं पुसलेली दिसते. मात्र जोड मुळाच्या पुढच्या किंवा मागच्या अंगास असेल तर साध्या छायाचित्रांत ती दिसतेच असें नाहीं. तेथें जबड्याचें त्रिमितीय छायाचित्र उपयोगीं पडतें.

विकार ठरला म्हणजे उपाययोजना दोन गोष्टींवर अवलंबून राहते: दांत किती मागें पडला आहे आणि मुलाची वाढ किती शिल्लक आहे. फरक थोडा असेल व वाढ संपलेली असेल तर दांताला भर घालून किंवा टोपी बसवून काम भागतें. वाढ बरीच शिल्लक असेल तर एवढ्यानें भागत नाहीं, कारण दांत दरवर्षीं अधिकाधिक मागें पडत जाणार. तो उपटावा म्हटलें तर हाडाशीं एकजीव झालेलें मूळ निघतांना पुढचें पातळ हाडहि बरोबर घेऊन येतें आणि हिरडींत कायमची खोल खांच पडते. या अडचणींतून मार्ग दाखविला तो स्वीडनमधील डॉ. बार्ब्रो मालमग्रेन आणि त्यांचे सहकारी यांनीं, १९८४ सालीं. त्यांच्या पद्धतींत दांताचा माथा हाडाच्या पातळीखालीं कापून काढतात, मुळाच्या पोकळींत रक्त भरूं देतात आणि मूळ हाडांतच ठेवून वरून हिरडी मिटवून घेतात. पुढें मुळाचें हळूहळू हाड होतें, हाडाची रुंदी टिकते, आणि मूल वाढत असेल तर वरच्या अंगास नवें हाडहि चढतें. मधल्या काळांत शेजारच्या दांतांना चिकटवलेला कृत्रिम दांत मुलाला शाळेंत मोकळेपणानें हसूं देतो. जो दोष होता, म्हणजे मुळाचें हाड होत जाणें, त्याचाच येथें उपयोग करून घेतलेला आहे.

याच वयांत आणखी एक मार्ग उघडा असतो. दांतांची गर्दी असल्यामुळें एखादी उपदाढ तशीहि काढावयाचीच असेल, तर ती काळजीपूर्वक काढून गमावलेल्या पुढच्या दांताच्या जागीं लावतात आणि तिला पुढच्या दांताचा आकार देतात. ऑस्लो येथील दंतवैद्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत ही कला पद्धतशीर केली. लावलेल्या दांताबरोबर त्याचें जिवंत अस्तरहि येतें, म्हणून तो मुलाबरोबर वाढतो व पुढें तारांनीं सरकवितांहि येतो. मात्र त्या उपदाढेचें मूळ अर्धेंअधिक तयार झालेलें पण अजून पुरें झालेलें नसेल, तेवढ्याच मुदतींत ही शस्त्रक्रिया उत्तम साधते. ती मुदत साधारणपणें दहा ते तेरा वर्षांच्या दरम्यान येते आणि निघून जाते.

वाढ पुरी झाल्यावर शस्त्रवैद्य आणि तारा लावणारे तज्ज्ञ मिळून आणखी कांहीं उपाय करूं शकतात. जोड लहान असेल तर दांत चिमट्यानें हलकेच हलवून ती मोडतात आणि लगोलग तारांनीं ओढ देतात. पण तो पुन्हां जुळण्याचा संभव मोठा असतो. दुसरा उपाय म्हणजे दांत आणि त्याच्या भोंवतालचें हाड यांचा एकच ठोकळा कापून सोडवणें आणि तो सबंध ठोकळा जागेवर आणून बसविणें. हिरडीकडून त्याला रक्ताचा पुरवठा चालू राहावा लागतो, म्हणून एका दमांत तो थोडेच मिलिमीटर हलवितां येतो. अंतर अधिक असेल तर हाड कापल्यावर कांहीं दिवस थांबून, लहानशा यंत्राच्या साहाय्यानें तो ठोकळा दिवसाला मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी असा सरकवीत नेतात, आणि मागें पडत जाणाऱ्या फटींत नवें हाड भरत जातें. हें तत्त्व हातापायांच्या हाडांसाठीं सैबेरियांतील कुर्गान येथें गाव्रिल इलिझारोव या शस्त्रवैद्यानें १९५० नंतर विकसित केलें. पुढें तें जबड्यालाहि लागू झालें. हे उपाय खरे आहेत, पण ते खर्चाचे आहेत, कसबाचे आहेत, आणि प्रत्येकास मानवतीलच असे नाहींत.

येथें कोणी विचारील, कीं आजकाल हाडांत धातूचा खुंट बसवून त्यावर दांत लावतात, तोच मुलाला कां लावूं नये? याचें उत्तर मोठें उद्बोधक आहे. स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांना टायटॅनियम हा धातु हाडाशीं एकजीव होतो असें १९५० नंतरच्या संशोधनांत आढळलें, आणि १९६५ सालीं त्यांनीं असा खुंट प्रथम एका रुग्णाच्या जबड्यांत बसविला. प्रौढाच्या जबड्यांत हें हाडाशीं जुळणें म्हणजेच त्या खुंटाचें सामर्थ्य होय. पण मुलाच्या जबड्यांत तोच खुंट जुळलेल्या दांतासारखा वागतो; मूल वाढतें, तो जागीं थांबतो. म्हणून चेहऱ्याची वाढ पुरी होईपर्यंत तो बसवीत नाहींत. यावरून कांहीं आईबाप असा निष्कर्ष काढतात, कीं मग तोंवर कांहींच करावयाचें नाहीं. मुलीचा दांत तर लग्नाच्या वेळीं पाहूं. ही समजूत घातक आहे. खुंट विसाव्या वर्षीं बसवावयाचा असला तरी तो ज्या हाडांत बसणार तें हाड दहाव्या-बाराव्या वर्षीं राखावें लागतें. त्या वयांत योग्य तो निर्णय झाला तर पुढचें काम सोपें होतें. नाहीं झाला, तर तरुणपणीं दुसरीकडचें हाड आणून खड्डा भरण्याची वेळ येते.

हा सगळा खटाटोप पुष्कळ अंशीं टाळतां येण्याजोगा आहे, आणि तें काम घरच्यांच्या हातीं आहे. चांदवडहून नाशिक साठ-पासष्ट किलोमीटर आहे. रस्ता कितीहि चांगला असला तरी मूल उचलून, वाहन मिळवून, तज्ज्ञापर्यंत पोंचण्यास तासाहून अधिक वेळ सहज जातो. बाहेर पडलेला दांत कोरडा राहिला तर त्याच्यावरील अस्तराच्या पेशी अर्ध्या तासांत बव्हंशीं मरूं लागतात, आणि तासाभरांत त्या वांचण्याची आशा उरत नाहीं. म्हणजे दांताचें भवितव्य दवाखान्यांत ठरण्यापूर्वींच अंगणांत किंवा शाळेच्या पटांगणांत ठरून जातें. त्या वेळीं कमावते पुरुष घरीं असतीलच असें नाहीं. आजी असेल, काकू असेल, थोरली बहीण असेल. म्हणून पुढील गोष्टी घरांतील प्रत्येक जाणत्या माणसाला ठाऊक असल्या पाहिजेत. दंतआघातांचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२० सालच्या सूचनांतहि त्याच सांगितलेल्या आहेत.

दांत ताबडतोब शोधावा आणि माथ्याकडून धरावा. मुळाला बोट लावूं नये. माती लागली असेल तर दुधानें किंवा मुलाच्याच लाळेनें हलकेच धुवावी. मीठ, राख, साबण, ब्रश यांपैकीं कांहींहि मुळावर चालवूं नये. स्वच्छतेच्या भरांत नेमकें अस्तरच खरवडून निघतें. मूल शुद्धीवर असेल व धीराचें असेल तर दांत तेथल्या तेथें त्याच्या खोबणींत परत बसवावा आणि रुमाल दांतांखालीं धरावयास सांगून दंतवैद्याकडे निघावें. हें जमण्यासारखें नसेल तर दांत वाटीभर थंड दुधांत टाकावा. दूध साखर-हळद न घातलेलें असावें. दुधांतील क्षारांचें प्रमाण शरीरांतील द्रवाशीं जुळतें असल्यामुळें त्यांत पेशी कांहीं तास तग धरतात. पाण्यांत मात्र त्या फुगून फुटतात, म्हणून दांत पाण्यांत ठेवूं नये. कापसांत किंवा कागदांत गुंडाळून तर मुळींच नेऊं नये. दांत दुधाचा असेल तर तो परत बसवावयाचा नसतो, कारण खालच्या कायमच्या दांताला त्यामुळें इजा पोंचते. पडलेला दुधाचा दांत शेणांत घालून कौलावर टाकण्याची आपली जुनी हौस त्या दांतापुरती ठीक आहे. आठ वर्षांच्या मुलाचा पुढचा दांत बहुधा कायमचा असतो. शंका असल्यास तो वाटींत घालून बरोबर न्यावा आणि निर्णय वैद्यावर सोपवावा. उशीर झाला असला तरी दांत फेंकूं नये. तो पुढें जुळेल हें गृहीत धरूनहि वैद्य तो बसवितात, कारण कांहीं वर्षें तरी तो जागा आणि हाड राखतो.

उपचारासाठीं आज फार दूर जावें लागत नाहीं. मुंबईस नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे, आणि नाशिकला पंचवटींत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय व त्याचें रुग्णालय आहे. अशा ठिकाणीं मुलांचे दंतवैद्य, तारांचे तज्ज्ञ आणि जबड्याचे शस्त्रवैद्य एका छपराखालीं भेटतात. या विकाराला तिघांचीहि गरज पडते. शाळकरी मुलांच्या तपासणीचा जो सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं पालघर येथें सुरू झाला, त्यांत दांतांच्या विकारांचाहि समावेश आहे. शाळेंत तपासणीस पथक आलें असतां दांताला पूर्वीं मार लागला असल्यास तें आवर्जून सांगावें.

वैद्याला सर्वांत उपयोगी पडतो तो घरांत ठेवलेला एक साधा कागद. मूल केव्हां पडलें, कोणता दांत, तो किती वेळ बाहेर होता, कशांत ठेवला होता, हें त्यावर लिहावें. पहिलें छायाचित्र त्याच पाकिटांत ठेवावें. आणि दर सहा महिन्यांनीं मुलाची उंची नोंदवावी, कारण वाढ किती झाली यावरच उपचाराची वेळ ठरते. वाढदिवसाला आपल्याकडे मुलाचें औक्षण होतें. त्याच दिवशीं निरांजनासमोर त्याला दांत मिटून हसावयास सांगावें व समोरून एक छायाचित्र घ्यावें. दोन वर्षांचीं दोन छायाचित्रें शेजारीं ठेवलीं म्हणजे मागें राहिलेला दांत आजीच्या डोळ्यांनाहि दिसेल, आणि तोंवर उशीर झालेला नसेल.